भाच्याला आणायला गेलेला मामा

अनुसयाबाईंचा चहा उतू गेला, तेव्हाच चंद्रभानने ओळखलं की प्रकरण साधं नाही. त्याची ही थोरली बहीण म्हणजे एका हाताने भाकरी थापता थापता दुसऱ्या हाताने मांजर हाकलणारी बाई. तिच्या चुलीवर आजवर थेंब सांडला नव्हता. आज सगळा चहा चुलीत गेला आणि ती नुसती बघत बसली.

"बाई, रडू नको. पहिल्यापासून सांग," चंद्रभान म्हणाला. उमरेडहून सकाळच्या पहिल्या मोटारीने तो नागपुरात, सक्करदऱ्याला आला होता. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरजवळ निरोप आला होता, श्रावण जंगलात चालला, असशील तसा निघून ये.

"काय सांगू गा! पोट्टा हातातून गेला. बैरागी होऊन राह्यला."

"कोण म्हणते?"

"कोणी कायले म्हणाले पाह्यजे? मले डोळे नाहीत का?" अनुसयाबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला. "पहाटे उठते अन् तळ्याले फेरे घालते. एक नाही, दोन नाही, घालतच राहते. डोक्याचे केस बारीक करून आला. गादी सोडली, चटईवर झोपते. तिखट सोडलं. अन् मंत्र म्हणते."

"कोणता मंत्र?"

"टेकटोना गरांडी," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "टरमिनाली... पुढचा मले येत नाही. आपल्यातला नाही तो. अन् परवा म्हणते, माय, मले डेहराडूनले जायचं आहे. म्या इचारलं, कुठं आलं थे? तं हरिद्वारच्या बाजूनं. आता तूच सांग, हरिद्वारच्या बाजूले माणूस कायले जाते?"

चंद्रभान उठून पुढच्या खोलीत गेला. तिथे बाबनराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होते. मागाचा खटखटाट चालू होता.

"भाऊजी, पोरानं तुम्हाले काही सांगतलं का?"

"सांगतलं नं. जंगलात जातो म्हणे बाबा."

"अन् तुम्ही काय म्हटलं?"

"म्या म्हटलं, थांब, धागा तुटला." बाबनरावांनी धोटा पलीकडे फेकला. "धागा जोडून वर पाह्यलं तं पोट्टा गेलता."

त्या घरात कुणाचं वाक्य पुरं व्हायची सोयच नव्हती. एक तर माग मध्ये बोलायचा, नाहीतर अनुसयाबाईंचं रडं. श्रावण हा त्या घराण्यातला पहिला शिकलेला मुलगा. सायन्स कॉलेजातून इंटर झालेला. पण घरातल्या घरात पूर्ण वाक्य बोलायचं शिक्षण तिथे मिळालं नव्हतं.

चंद्रभानचं मात्र तसं नव्हतं. उमरेडच्या आसपासच्या आठवडी बाजारांत लुगड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन फिरणारा हा माणूस बोलण्यावरच जगत होता. वाटणीवर आलेले भाऊ त्याच्या बोलण्याने एका ताटात जेवायला बसले होते, रुसून माहेरी गेलेल्या बायका आपल्या पायाने परत आल्या होत्या. एकदा तर नको असलेलं लुगडं त्याने एका बाईला दोनदा विकलं होतं. शिवाय या प्रकरणात त्याचा स्वतःचा जीव गुंतला होता. त्याची मुलगी शामला श्रावणला द्यायची, हे दोन्ही घरांत ठरल्यासारखं होतं. जावई बैरागी झाला, तर शामलाने काय कमंडलू सांभाळायचा?

"आता कुठं आहे तो?"

"गेला नं सिव्हिल लाइनीत. कोण्या मोठ्या साहेबानं बोलावलं म्हणे," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर पुन्हा डोळ्यांना लावला. "पाया पडून गेला गा! सणावाराले तरी पडते का तो पाया?"

चंद्रभानने टोपी नीट केली. "बाई, स्वयंपाकाले लाग. जेवाले दोघं बी येतो."

रिक्षा सिव्हिल लाइनीत पोहोचली, तेव्हा हिवाळ्याचं कोवळं ऊन झाडांतून खाली उतरत होतं. एका सरकारी बंगल्यासमोर पंधरा-वीस तरुण पोरं ओळीत उभी होती. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांच्या अंगात अर्ध्या चड्ड्या. चंद्रभान रिक्षात पुढे वाकून बघू लागला. एकटा श्रावण नव्हता. इथे तर आख्खा आखाडा निघाला होता! डोक्यावर सोला टोपी घातलेल्या एका गृहस्थाने शिट्टी वाजवली, आणि ती सगळी पोरं काटोल रोडने भराभर चालू लागली.

"श्रावण! अबे श्रावण!"

श्रावणने मागे वळून पाहिलं. त्याचा चेहरा पडला, पण पाय थांबले नाहीत. चंद्रभानने रिक्षातून उडी टाकली आणि धोतराचा सोगा हातात धरून तो भाच्याच्या मागे धावला. गोष्ट बरी, की त्याच्या पायांना कोसाकोसाची सवय होती. नाक्याच्या अलीकडेच त्याने श्रावणला गाठलं.

"थांब!"

"थांबता येत नाही, मामा."

"काहून येत नाही?"

"वेळ लावून देल्ला आहे."

चंद्रभानला वाटलं, व्रत असावं. व्रत मोडायला लावलं तर पाप आपल्या माथी, म्हणून तो शेजारून चालत चालतच बोलू लागला. श्रावण दम राखून होता, त्यामुळे तो एकेका शब्दात उत्तरं देत होता.

"कुठं चालला?"

"फेटरीले."

"मंग?"

"वापस."

"अन् मंग?"

"पास झालो तं डेहराडून."

"किती दिवस?"

"दोन वर्सं."

"मंग तरी घरी येशील?"

"नाही. मंग जंगलात."

"किती दिवस राहशील बाप्पा जंगलात?"

"पेन्शन होईलोक."

चंद्रभान तसाच चार पावलं चालला, आणि मग रस्त्याच्या मधोमध थबकला. बाजार करत फिरताना त्याने राख फासलेले, जटा वाढवलेले, एका पायावर उभे राहणारे असे सगळ्या तऱ्हेचे बैरागी पाहिले होते. पण पेन्शनीत निघणारा बैरागी त्याच्या पाहण्यात नव्हता. तोवर श्रावण पुढे निघून गेला होता. चंद्रभान पुन्हा धावला.

"अबे, तू होणार तरी काय आहे?"

"रेंजर, मामा! जंगल खात्यात!" श्रावण म्हणाला. आणि मग दम राखायचा विसरून तो भडाभडा बोलू लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं पुढचं वाक्य ऐकायला तयार होतं. "इंटर सायन्स झालेल्या पोराले घेते. म्या अर्ज केला, मुलाखत झाली, डॉक्टरनं डोळे-छाती पाह्यली. आता हे चालणंच राह्यलं. चार तासांत सोळा मैल. हे झालं का सरकार आपल्या खर्चानं डेहराडूनच्या कॉलेजात धाडते. कोणतं झाड तोडायचं, कोणतं ठेवायचं, वणवा कसा अडवायचा, रोपं कशी जगवायची, जंगल कसं मोजायचं, सारं शिकवते तिथं."

"अन् थे तळ्याचे फेरे?"

"चालायची सवय."

"तिखट काहून सोडलं?"

"आज वाटेत पोट बिघडू नाही म्हणून."

"अन् टेकटोना गरांडी?"

"सागाचं नाव आहे थे, मामा! शास्त्रातलं!"

चंद्रभान इतका मोठ्याने हसला, की बाजूच्या बाभळीवरचे बगळे उडाले. बैराग्याची भीती गेली. पण ती गेल्याबरोबर तिच्या जागी दुसरी येऊन बसली. रेंजर म्हणजे जंगलात घर, आणि जंगलात घर म्हणजे... त्याचं हसू आटलं.

"हे पाह्य श्रावण. तू जा खुशाल. पण माह्या शामलानं वाघाच्या शेजारी चूल मांडायची का? आजारपण आहे, बाळंतपण आहे. बाजार कुठं? डॉक्टर कुठं? अजूनही वापस फिर. बर्डीवर एखाद्या शाळेत मास्तर हो, मजेत राह्य."

शामलाचं नाव निघताच श्रावणचे कान तांबडे झाले. तो उत्तर देणार, एवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. सोला टोपीवाले गृहस्थ बाजूला येऊन उतरले. हे मनोहरराव, चालण्याच्या परीक्षेवर देखरेख ठेवणारे रेंजर.

"कोण हो तुम्ही? परीक्षेत उमेदवारासोबत बाहेरच्या माणसानं चालायचं नसतं."

"सोबत कुठं चालून राह्यलो साहेब? मी फेटरीले चाललो. रस्ता काही कोणाच्या मालकीचा नाही."

"रस्ता सरकारच्या मालकीचा आहे."

"पण पाय तं माह्ये आहेत?"

मनोहररावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं, चाला. पण या मुलाशी एक शब्द बोललात, तर हा बाद. समजलं?" आणि सायकलवर टांग टाकून ते पुढे गेले.

चंद्रभानसारख्या माणसाचं तोंड बंद झालं! फिरून घरी जावं, तर बोलणं अर्धंच राहिलेलं. पुढे जावं, तर बोलायची चोरी. शिवाय फेटरीला जातो म्हणून सरकारी माणसाला सांगून बसलेला. जरा वेळ तो ओठ मिटून चालला. मग संत्र्यांच्या टोपल्या भरून निघालेली एक बैलगाडी बाजूने रखडताना त्याला दिसली. तो बैलाच्या शेजारी गेला.

"काय गा बैलराव," तो मोठ्याने म्हणाला, "तुले पोरगी असती, तं तू तिले जंगलात देली असती का?"

गाडीवान दचकला. बैलाने कान हलवला. पुढे चालणारा श्रावण एका कडुनिंबाकडे बघून तितक्याच मोठ्याने म्हणाला, "अरे कडुनिंबा, रेंजरले सरकारी घर राहते. दवाखान्यात न्यायले गाडी मिळते. अन् वाघ माणसाले पाहून आपल्या वाटेनं जाते."

"बैलराव, हे वाघानं सांगतलं का?"

"कडुनिंबा, शामलाले इचारल्याबिगर तिच्या मनातलं तरी कोणाले कसं समजन?"

यावर बैलाजवळ उत्तर नव्हतं. मुलीला विचारायचं ही गोष्ट चंद्रभानला आजवर सुचलीच नव्हती. तो खजील होऊन चालत असतानाच सायकल परत आली.

"कुणाशी बोलताय?"

"बैलाशी, साहेब."

"आणि तू रे?"

"झाडाशी, सर."

मनोहररावांनी टोपी मागे सारली. "कुठल्या झाडाशी?"

"कडुनिंब. अझाडिरॅक्टा इंडिका."

"हं," मनोहरराव म्हणाले, आणि तोंड फिरवून सायकलवर बसले. त्यांचे खांदे हलताना चंद्रभानने पाठीमागून पाहिले.

फेटरीला पोरांनी एका शिपायापाशी हजेरी लावली आणि ती परत फिरली. चंद्रभानही परत फिरला.

"फेटरीचं काम एवढ्यात आटोपलं?" मनोहररावांनी विचारलं.

"बाजाराचा वार चुकला, साहेब," चंद्रभान म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी फेटरीला बाजार नव्हताच.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं. गोरेवाड्याच्या अलीकडे श्रावण मागे पडू लागला. आधी एक पोरगा त्याच्या पुढे गेला, मग दुसरा, मग सगळेच. त्याचे कॅनव्हासचे बूट नवे होते, आणि ते टाचेला चावले होते. तो लंगडत एका मैलाच्या दगडापर्यंत आला आणि खाली बसला. बूट काढला, तर टाचेची सालं निघाली होती.

चंद्रभान चार हातांवर उभा होता. त्याला आता काहीच करायचं नव्हतं. बोलायचं नाही, चालायचं नाही. नुसतं उभं राहायचं. अर्धा तास गेला की भाचा आपोआप नापास होणार होता. मग त्याचा हात धरून घरी न्यायचं, गरम भाकरी खायची आणि बर्डीवरच्या शाळेची चौकशी करायची. सकाळी बहिणीला दिलेला शब्द पाळला गेला असता.

त्याने श्रावणकडे पाहिलं. पोरगा टाचेकडे बघत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता. आपल्याला न घेता सुटलेल्या मोटारीकडे माणूस बघतो तसा. रडतही नव्हता. रडला असता, तर चंद्रभानला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसाची समजूत घालणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता.

चंद्रभानने तोंड उघडलं आणि मिटलं. सगळी हयात ज्याच्या जोरावर काढली, ते बोलणंच नेमकं आज बंद होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. आता बैलही नव्हता. मग त्याने पायांतल्या वहाणा काढल्या. जाड कातड्याच्या, टाचेला मोकळ्या, शेकडो बाजार करून लोण्यासारख्या मऊ झालेल्या वहाणा. त्या त्याने श्रावणच्या समोर रस्त्यावर जोडीने ठेवल्या, आणि मागे न बघता तो अनवाणी चालू लागला.

खडी तळव्यांत शिरत होती. चंद्रभान मनातल्या मनात शिव्या घालत होता. सरकारला, सागाला, बुटाच्या दुकानदाराला. थोड्या वेळाने मागून आवाज आला. फटक्, फटक्. आधी हळू, मग भराभर. मामाचा पाय मोठा आणि भाच्याचा लहान, त्यामुळे वहाणा चांगल्याच वाजत होत्या. चंद्रभानला तो आवाज सनईसारखा गोड लागला. फटक् फटक् करत श्रावण त्याच्या बाजूने पुढे निघून गेला, आणि जाता जाता बाभळीला म्हणाला, "बाभळी, उपकार झाले."

नाक्यापाशी मनोहरराव उभेच होते.

"वहाणा कुठे तुमच्या?"

"कोणत्या वहाणा? रस्त्यावर पडल्या असतीन तं सरकारच्या असतीन. रस्ता सरकारचाच आहे नं, साहेब?"

श्रावण सगळ्यांत शेवटी पोहोचला, पण वेळेच्या आत पोहोचला. बंगल्याच्या आवारात तो गवतावर आडवा पडला आणि आभाळाकडे बघून हसू लागला. बुटांच्या जागी वहाणा बघून एका कारकुनाने शंका काढली, तेव्हा मनोहरराव म्हणाले, "चालून दाखवायचं सांगितलं होतं. कशात चालायचं ते आपण कुठे सांगितलं होतं?" मग ते फाटकाशी तळवे चोळत बसलेल्या चंद्रभानजवळ आले.

"मामा ना?"

"हाव साहेब. कसं ओळखलं?"

"माझ्या वेळी मला परत न्यायला वडील टांगा घेऊन पाठीमागे आले होते," मनोहरराव म्हणाले. "त्यांचं घोडं थकलं म्हणून मी रेंजर झालो. तुमच्यासारखे चालणारे असते, तर माझं काही खरं नव्हतं."

सक्करदऱ्याच्या घरी दोघे लंगडत पोहोचले. अनुसयाबाईंना सगळं समजावून सांगायला चंद्रभानला दोन भाकऱ्या आणि एक तांब्या पाणी लागलं. हरिद्वारचा प्रश्न सुटला, पेन्शनीचा आनंद झाला, वाघाचा प्रश्न तेवढा राहिला. तोही "वाघ कोष्ट्याले खात नाही, अंगावर मास कुठं आहे?" एवढ्यावर मिटला. खटखट थांबली तेव्हा सगळ्यांनी चमकून पुढच्या खोलीकडे पाहिलं. बाबनराव मागाच्या खड्ड्यातून डोकावत होते.

"तिथं कपडा कोणता राहते?" त्यांनी विचारलं.

"खाकी, बाबा."

"मिलचा?"

"मिलचा."

बाबनरावांनी मान खाली घातली. मुलगा जंगलात जाणार हे त्यांना चाललं असतं, वाघही चालला असता. मुलगा मिलचं कापड घालणार, हे मात्र त्यांना लागलं. त्या दिवसापासून ते इतवारीच्या सूतबाजारात फेऱ्या मारू लागले.

चंद्रभान उमरेडला गेला. शामला अंगणात तूर पाखडत होती. त्याने चार वेळा बोलायला सुरुवात केली आणि चारही वेळा पिकापाण्यावर घसरला. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं: रेंजर, जंगल, सरकारी घर, वाघ.

शामलाने सूप खाली ठेवलं. "घर जंगलातच राहीन का, बाबा?"

"जंगलातच."

"अन् आत्याबाई कुठं राहीन?"

"ती सक्करदऱ्यातच. भाऊजीचा माग सोडून कुठं जाणार?"

"मंग वाघाचं पाहून घेऊ," शामला म्हणाली, आणि पुन्हा तूर पाखडू लागली.

श्रावण निघाला त्या दिवशी नागपूर स्टेशनवर सारं घर लोटलं होतं. अनुसयाबाई रडत होत्या, पण आता त्यात शेजारणींना ऐकू जाईल असा अभिमान होता. "डेहराडूनले चालला वं, सरकारच्या खर्चानं!" शामला खांबाआड उभी होती. चंद्रभान पोराला घेऊन निघालेल्या, ओळख नसलेल्या एका बापाला अडवून, इंटर सायन्स झाल्यावर अर्ज कुठे करायचा, चालायची सवय कशी करायची आणि बूट नवे का घालायचे नाहीत, हे समजावून सांगत होता. तो बाप आपली गाडी सुटेल म्हणून कासावीस झाला होता.

श्रावणच्या अंगात खाकी सदरा होता. मिलचा नव्हे. बाबनरावांनी खाकी रंगवलेलं सूत शोधून आणून स्वतः विणलेल्या कापडाचा. कापड मजबूत होतं, रंगही जमला होता. पण ज्या हातांनी आयुष्यभर लुगडी विणली, ते हात कापडाच्या काठाशी आल्यावर ऐकेनात. सदऱ्याच्या खालच्या घेराला बोटभर रुंद, तांबड्या रेशमाची लखलखीत किनार होती.

गाडी हलायची वेळ झाली. श्रावणने हळूच इकडेतिकडे पाहिलं आणि सदऱ्याचा घेर पँटमध्ये खोचला. बाबनराव खिडकीजवळ आले. त्यांनी हात आत घातला, सदरा ओढून बाहेर काढला आणि चुण्या सरळ केल्या.

"राहू दे बाहेर," ते म्हणाले. "जंगलालेही दिसू दे."